तक्त्यात लेन्सचा रकाना हवा होता

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत, फोटोग्राफी शिकू पाहणाऱ्यांनी जुन्या बाजारातला कोणता डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यावा, यावरचा लेख वाचला. निकॉन डी३५०० आणि कॅनन १५००डी हे दोन कॅमेरे शेजारी शेजारी ठेवून केलेला तक्ता त्यात होता. ज्याचा आकडा सरस त्याच्यापुढे हिरवी खूण, आणि शेवटी खुणा मोजून निकॉन पहिला. आमच्या शाळेत २०१९ पासून हाच निकॉन आहे आणि आमच्याच वाडीत लग्नाचे फोटो काढणाऱ्या मुलाकडे हाच कॅनन आहे. एकाच सकाळी, एकाच सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, मी दोन्ही हाताळले आहेत. तक्त्यातले आकडे बरोबर आहेत. पण ज्या एका गोष्टीवरून ही निवड करायला हवी तीच त्यात नाही, आणि ती माहिती वेळेवर न मिळाल्यामुळे आमच्या शाळेचे साडेचार हजार रुपये गेले. म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण लेन्सबद्दलचा मजकूर तेवढा कृपया ठेवा.

आधी मेगापिक्सेलचं बोलते, कारण तक्त्याची पहिली ओळ तीच होती. निकॉन २४.२, कॅनन २४.१, आणि खूण निकॉनला. दोन्ही कॅमेऱ्यांतून निघणारा मोठ्यात मोठा फोटो ६००० बाय ४००० ठिपक्यांचा असतो. म्हणजे दोन कोटी चाळीस लाख ठिपके इकडेही आणि तिकडेही. इंचाला ३०० ठिपके धरून छापला तर २० इंच लांब आणि १३ इंचांहून थोडा जास्त रुंद फोटो होतो. एवढा मोठा फोटो आमच्या शाळेच्या एकाही भिंतीवर नाही. तो पॉइंट एकचा फरक तुम्हाला फोटोत कुठेच सापडणार नाही. फोकसच्या बिंदूंचंही तसंच. निकॉनमध्ये ११ आणि कॅननमध्ये ९, पण आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही रेषा पकडणारा बिंदू दोन्हींत एकच आहे, मधला. उजेड कमी झाला की आम्ही दोघंही त्या एका बिंदूवरच काम करतो.

आता आमची गोष्ट. मी राजापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. २०१९ च्या शिमग्याला गावी आलेल्या चाकरमान्यांनी शाळेसाठी वर्गणी काढली. काय घ्यायचं अशी चर्चा झाली तेव्हा मी कॅमेरा मागितला आणि शाळा व्यवस्थापन समितीने तो मान्य केला. कारण एवढंच की आमच्या शाळेपासून अर्ध्या तासाच्या चालीवर सडा आहे आणि त्या सड्यावर कातळशिल्पं आहेत.

घाटावरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. जांभ्याच्या उघड्या कातळावर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी कोरलेली ही चित्रं आहेत: मासे, पक्षी, वाघ, माणसं, आणि ज्यांचा अर्थ लागत नाही अशा चौकटी. कोकणातली अशी नऊ ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्यातलं एक गोव्यातलं आहे. कशेळी, बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे ही आमच्या तालुक्यातली. कशेळीचा हत्ती तर सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे आणि त्याच्या पोटात इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. आमच्या सड्यावरची चित्रं या यादीत नाहीत. एक मासा, दोन पक्षी, एक अर्धवट माणूस आणि काही गोल खळगे. पण ती आमच्या मुलांच्या पायाखालची आहेत. सड्याच्या पलीकडच्या अंगाला चिऱ्याच्या खाणी आहेत आणि खाण कुठून कुठे सरकेल ते सांगता येत नाही. चित्र कापलं गेलं तर निदान ते कसं होतं हे मुलांच्या हातात राहावं, एवढ्यासाठी मला कॅमेरा हवा होता. मोबाईलने आम्ही आधी प्रयत्न केला होता. मोबाईल स्वतःच्या मनाने सावल्या उजळ करतो आणि कोरलेली रेघ पुसून टाकतो.

गणपतीच्या आधी मी आणि माझा भाचा अणुस्कुरा घाटातून एसटीने कोल्हापूरला गेलो. दुकानदाराने दोन्ही कॅमेरे काउंटरवर ठेवले, दोन्ही १८-५५ मिलिमीटरच्या किट लेन्ससह, म्हणजे कॅमेऱ्यासोबतच मिळणाऱ्या लेन्ससह. किमतीत हजाराच्या आतला फरक. दोन्ही २०१८ सालीच बाजारात आलेले. भाचा इंजिनिअरिंगला होता, तो सगळं वाचून आला होता. म्हणाला, "मावशी, दोन्ही सारखेच आहेत गं. हातात घे आणि जो आवडेल तो सांग." हा सल्ला मला आजही पटतो, अर्धा.

निकॉनची मूठ खोल आहे, चारही बोटं आत नीट बसतात. कॅनन अंगाने भरीव वाटला. बॅटरी आणि कार्डासह निकॉन ४१५ ग्रॅम, कॅनन ४७५. साठ ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं मोठ्या माणसाला वाटेल, पण माझ्याकडे कॅमेरा गळ्यात अडकवून तासभर सडा चढणारी सहावी-सातवीची मुलं आहेत. निकॉनच्या वरच्या चकतीवर 'गाइड' म्हणून एक खूण आहे. ती लावली की पडद्यावर विचारतो, लांबचं काढायचंय का, जवळचं काढायचंय का, पळणारं काढायचंय का, आणि त्याप्रमाणे कोणता आकडा का बदलला तेही दाखवतो. शिक्षिका म्हणून मला ते फार आवडलं. आणि बॅटरी. कंपन्यांच्या प्रमाण मोजणीप्रमाणे एका चार्जिंगला निकॉन १५५० फोटो काढतो, कॅनन ५००. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट कधी जाते आणि कधी येते याचा भरवसा नाही. मी निकॉन घेतला.

त्या दिवशी मी दुकानदाराला एक प्रश्न विचारायला हवा होता. तो मला माहीत नव्हता, आणि आपल्या तक्त्यातही तो नाही. या कॅमेऱ्याला पुढे कोणत्या लेन्स चालतील, आणि त्या चालणाऱ्या लेन्स आमच्या आसपास कोणाकडे आहेत?

पाऊस गेल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सड्यावर गेलो. कातळशिल्पाचा फोटो काढायला एकच वेळ चांगली, सूर्य क्षितिजाला लागून असताना. दुपारी बारा वाजता तिथे उभं राहाल तर पायाखाली मासा आहे हे सांगूनही दिसणार नाही. कोरलेली रेघ बोटभर, फार तर दोन बोटं खोल, आणि वरून पडणारं ऊन तिच्या तळापर्यंत जातं, म्हणून सावली राहत नाही. सकाळी सातच्या सुमाराला आडवं ऊन आलं की प्रत्येक रेघेच्या एका कडेला काळी सावली धरते आणि मासा जागेवरून उठून बसल्यासारखा दिसतो. मुलं "बाई, दिसला, दिसला!" करून ओरडतात. ती वेळ वीस-पंचवीस मिनिटांची. त्यात चित्र साफ करायचं, मोजपट्टी ठेवायची, उत्तर दिशा दाखवायची आणि फोटो घ्यायचे.

त्या सकाळी वाडीतला फोटोग्राफर मुलगाही त्याचा १५००डी घेऊन आला होता. आमच्याच शाळेचा विद्यार्थी, मला अजून बाई म्हणतो. आम्ही दोघांनी मासा काढला. एकाच स्टुलावर आळीपाळीने उभं राहून, कॅमेरा हात वर करून सरळ खाली धरून. दोन्ही कॅमेऱ्यांचा मागचा पडदा पक्का आहे, बाहेर वळत नाही. त्यामुळे वर धरला की काय दिसतंय ते कळत नाही, अंदाजाने बटण दाबायचं आणि खाली घेऊन बघायचं. जमिनीलगतचा कोन हवा असेल तर कातळावर पालथं पडावं लागतं. मी पडले. सकाळी सातला कातळ गार असतो, साडेनऊनंतर पडवत नाही. लेखात पडद्याचा आकार दोन्हींचा तीन इंच म्हणून 'बरोबरी' लिहिलं आहे. पडदा वळत नाही, हेही लिहायला हवं होतं. बागेतली फुलं, रांगणारं मूल, कातळ, ज्याला खालून फोटो काढायचा आहे त्याला याचं मोल कळेल.

निकॉनचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा आतला तुकडा, २३.५ मिलिमीटर रुंद, कॅननचा २२.३. तक्त्यात हे 'क्रॉप १.५ आणि १.६' असं आलं आणि पुढे काही स्पष्टीकरण नाही. आम्ही ते सातवीच्या मुलांकडून गणितात करून घेतलं. लेन्स १८ मिलिमीटरवर ठेवून, दोन मीटर उंचीवरून सरळ खाली धरलं तर निकॉनमध्ये सुमारे २.६ मीटर रुंदीचा कातळ मावतो, कॅननमध्ये सुमारे २.५. मग मुलांनी टेप लावून तपासलं आणि उत्तर जुळलं. टेप बाजूला ठेवून तो मुलगा स्टुलावर दोन विटा ठेवून उभा राहिला आणि त्याच्या कॅननमध्येही माझ्याएवढाच मासा आला. दोन विटांचा फरक, इतकाच.

दोन्ही फोटो आम्ही ८ बाय १२ मध्ये छापून आणले आणि मागे नावं लिहून मुलांपुढे ठेवले. कोणता कुठल्या कॅमेऱ्याचा हे एकाही मुलाला सांगता आलं नाही, मलाही नाही. संगणकावर रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली मूळ कच्ची फाइल, उघडून सावल्या वर उचलल्या तेव्हा मात्र फरक दिसला. निकॉनची सावली स्वच्छ राहिली, कॅननच्या सावलीत रवाळ दाणे आले. कातळशिल्पात सगळं काम सावलीचंच असल्यामुळे मला त्याचं समाधान वाटलं. वाढदिवस आणि सहली काढणाऱ्याला तो फरक कधी भेटणार नाही.

इथपर्यंत माझी निवड बरोबरच होती. डिसेंबरमध्ये केंद्रस्तरीय क्रीडा स्पर्धा आल्या.

कबड्डीचे सामने लांबतात. आमचा सामना सुरू होईपर्यंत ऊन माडांच्या मागे गेलं होतं. किट लेन्स ५५ वर नेली की तिचं तोंड एफ ५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं). चढाईला गेलेल्या मुलीचे हात-पाय नुसते फरपटलेले दिसत होते. शेजारी तो मुलगा ५० मिलिमीटरची एफ १.८ ची छोटी लेन्स लावून फोटो काढत होता आणि त्याचे फोटो लखलखीत. हिशोब सोपा आहे. ५.६ ला १.८ ने भागा आणि येणाऱ्या संख्येचा वर्ग करा: जवळजवळ दहापट उजेड आत येतो. जिथे मला सेकंदाचा साठावा भाग लागत होता तिथे त्याला पाचशेवा भाग पुरत होता. मी त्याला म्हटलं, जरा मला दे. त्याने काढून दिलीही. पण कॅननची लेन्स निकॉनला बसत नाही, आणि फिरवायची दिशासुद्धा उलटी. ते माहीत होतं, तरी त्या घाईत हात पुढे गेला.

पुढच्या स्पर्धा जानेवारीत होत्या. मी शाळेच्या उरलेल्या पैशांतून निकॉनची ५० मिलिमीटर एफ १.८ लेन्स घ्यायचं ठरवलं. नवी महाग, म्हणून एका शहरातल्या दुकानात जुनी बघितली. लेन्सवर 'एएफ निक्कोर ५० मिमी १:१.८ डी' असं लिहिलं होतं. काच स्वच्छ होती, किंमत साडेचार हजार. मी विचारलं, "ही आमच्या कॅमेऱ्याला चालेल ना?" उत्तर आलं, "मॅडम, निकॉनची लेन्स निकॉनला बसतेच." बसलीही. टक् आवाज करून नीट बसली. पडद्यावर एफ-ई-ई अशी अक्षरं लुकलुकायला लागली. त्यांनी लेन्सवरचं कडं फिरवून २२ या नारिंगी आकड्यावर नेलं, बारीक खिट्टी सरकवून कुलूप केलं आणि अक्षरं गेली. फोटो निघाला. मी पैसे दिले. दुकानातल्या उजेडात, समोरच्या कॅलेंडरवर, फोकस आपोआप होत नाहीये हे माझ्या लक्षात आलं नाही, कारण आधीच्या गिऱ्हाइकाने ती साधारण त्याच अंतरावर ठेवलेली असावी.

जानेवारीच्या सामन्यांत मी काढलेल्या दोनशेच्या वर फोटोंपैकी नऊ फोटो तेवढे बरे आले. आमची मुलगी शेवटच्या चढाईत तीन गडी बाद करून परत आली, त्या क्षणाचा माझ्याकडे फोटो आहे. त्यात मागचं कुंपण स्पष्ट आहे आणि ती धूसर. तिच्या आईने तो फोटो मागितला तेव्हा मला फार वाईट वाटलं. तो मी आजही तिला दिलेला नाही.

दुकानदाराने लेन्स परत घेतली नाही. "लेन्समध्ये दोष नाही," असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं होतं. लेन्समध्येही दोष नव्हता, कॅमेऱ्यातही नव्हता. दोघांची जोडी चुकीची होती, आणि हे विकणाऱ्याने विचारून सांगायला हवं होतं.

कारण असं आहे. निकॉनची लेन्स बसवण्याची पद्धत १९५९ पासूनची. आपोआप फोकस करणारे कॅमेरे आले तेव्हा, १९८६ च्या एफ-५०१ पासून, निकॉनने फोकसची मोटर कॅमेऱ्यात ठेवली. कॅमेऱ्याच्या तोंडाशी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकासारखी एक बारीक दांडी असते, ती लेन्सच्या मागच्या खाचेत जाते आणि लेन्स फिरवते. माझ्या लेन्सच्या मागे ती खाच आहे, बोटाच्या नखाने चाचपता येते. माझ्या कॅमेऱ्याच्या तोंडाशी ती दांडी नाही. २००६ च्या डी४० पासून निकॉनने आपल्या स्वस्त कॅमेऱ्यांतून मोटर काढून टाकली आणि ती लेन्समध्येच असेल असं धरलं. म्हणून डी३५०० ला 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' असं लिहिलेली लेन्सच आपोआप फोकस करते. नुसतं 'एएफ' आणि शेवटी 'डी' असेल तर फोटो निघतो, उजेडाचं मोजमापही होतं, पण फोकस हाताने करावा लागतो. नीट जुळला की व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत, डाव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका लागतो. दगडासाठी ते पुरतं. कबड्डीसाठी नाही.

कॅननने १९८७ साली जुनी पद्धत पूर्ण सोडून नवी आणली आणि मोटर पहिल्यापासून लेन्समध्ये ठेवली. त्या वेळी जुन्या लेन्सवाल्यांची मोठीच अडचण झाली असणार. पण त्यामुळे आज १५००डी घेणाऱ्याला या नव्या पद्धतीची, 'ईएफ' लिहिलेली कॅननची कुठलीही लेन्स डोळे झाकून घेता येते. १९९० साली आलेली ५० एफ १.८ सुद्धा त्याच्यावर आपोआप फोकस करते, आणि तिचीच २०१५ ची नवी 'एसटीएम' आवृत्ती निकॉनच्या तशा लेन्सपेक्षा बरीच स्वस्त मिळते.

जुन्या बाजारात जाणाऱ्यांसाठी याची दुसरी बाजूही सांगायला हवी. निकॉनच्या 'एएफ-पी' लेन्स डी३१००, डी३२०० अशा आधीच्या कॅमेऱ्यांवर फोकसच करत नाहीत, हातानेही नाही. कोणी जुना डी३१०० आणि वेगळी एएफ-पी लेन्स अशी जोडी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. दोन्ही कंपन्यांचं लक्ष आता मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या पद्धतीच्या कॅमेऱ्यांवर आहे, निकॉनने तर डी३५०० बनवणं केव्हाच थांबवलं, आणि मिररलेसच्या नव्या लेन्स या दोन कॅमेऱ्यांना बसत नाहीत. कॅननचा ३०००डी हाही १५००डी चा जुळा भाऊ म्हणून विकला जातो. तो वेगळा आहे: १८ मेगापिक्सेल, आणि लेन्स बसते ते कडं प्लास्टिकचं.

सगळं सांगितलं तर बॅटरीचंही सांगितलं पाहिजे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आमच्याकडे लाईट गेली ती चार दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाडीतले सगळे मोबाईल बंद. शाळा तर करोनामुळे बंदच होती, कॅमेरा माझ्या घरी होता आणि त्याची बॅटरी वादळाच्या आधी भरलेली. पडलेले आंबे, मोडलेले माड, उडालेली कौलं, गोठ्यावर आलेला फणस, असे घरोघरी जाऊन मी फोटो काढले आणि प्रत्येक फोटोचा क्रमांक घराच्या नावासमोर वहीत लिहिला. पंचनाम्याच्या वेळी कितीतरी घरांना ते उपयोगी पडले. चार दिवसांत सहाशेच्या वर फोटो झाले आणि बॅटरीची खूण एका घराने खाली आली. त्या मुलाच्या कॅननची बॅटरी तिसऱ्या दिवशी संपली. तेव्हा निकॉनपुढची ती हिरवी खूण मी मनापासून मान्य करते.

आणखी एक, कोकणातल्या वाचकांसाठी. जुनी लेन्स घेताना मोबाईलचा टॉर्च लावून, दोन्ही बाजूंची झाकणं काढून, आरपार बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी आहे, पैसे देऊ नका. आणि घरी आणल्यावर कपाटात कपड्यांजवळ ठेवू नका. आम्ही पोह्यांचा हवाबंद डबा घेतला आहे, त्यात सिलिका जेलचे निळे खडे कापडी पुरचुंडीत. श्रावण लागेपर्यंत ते गुलाबी होतात. लोखंडी कढईत मंद आचेवर परतले की पुन्हा निळे. हे काम आमच्याकडे सहावीच्या मुलींकडे आहे, कढईजवळ मी असते. पाच पावसाळ्यांत आमच्या लेन्सला काही झालेलं नाही.

मग दोघांतला कोणता घ्यावा? आपल्या लेखाच्या शेवटी उत्तर होतं, म्हणून मीही माझं देते. एकट्याने, एका किट लेन्सवर, डोंगरात किंवा लाईट नसलेल्या गावात काम करायचं असेल तर निकॉन. पण तुमच्या घरात, वाडीत, कॉलेजात कोणाकडे कॅननच्या लेन्स असतील, तर डोळे मिटून कॅनन, आणि निकॉनच्या एएफ-एस लेन्स असतील तर निकॉन. पहिला कॅमेरा घेणारा माणूस शिकतो तो मागून आणलेल्या लेन्सवर आणि ती देणाऱ्या माणसाकडून. आमच्या शाळेतल्या ज्या चार-पाच मुलांना आज खरोखर फोटो काढता येतो, ती माझ्या 'गाइड'वर शिकलेली नाहीत. ती त्या मुलाच्या मागे लग्नांना फिरून, त्याच्या कॅननला डोळा लावून शिकली. माझ्याकडे परत आली की निकॉनची झूम उलटीकडे फिरवतात. मी २०१९ साली दुकानात जाण्याआधी त्याच्या घरी गेले असते, तर शाळेला एक कॅमेरा आणि तीन लेन्स मिळाल्या असत्या.

आपल्याला विनंती अशी की पुरवणीत पुढच्या वेळी असा तक्ता द्याल तेव्हा त्यात एक रकाना वाढवावा: या बॉडीवर कोणत्या लेन्स आपोआप फोकस करतात, आणि त्या लेन्सवर नेमकी कोणती अक्षरं असतात. जागा कमी पडत असेल तर मेगापिक्सेलची ओळ काढावी.

तो मुलगा आता मिररलेस घेतो आहे. त्याने आपला १५००डी विकायला काढला आणि पहिला निरोप शाळेला पाठवला. किंमत समितीशी बोलून ठरेल. ५० ची लेन्स मात्र त्याने हिशोबात धरलेली नाही. "बाई, ती शाळेचीच," असं म्हणाला.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी
(कृपया नाव प्रसिद्ध करू नये.)

ता. क. आमची ती ५० मिलिमीटर 'डी' लेन्स उत्तम स्थितीत आहे, बुरशी नाही. निकॉन डी९० किंवा डी७०००, डी७१००, डी७२०० यांसारख्या आत मोटर असलेल्या कॅमेऱ्यांवर ती आपोआप फोकस करते. महाराष्ट्रातल्या किंवा गोव्यातल्या ज्या शाळेकडे यातला एखादा कॅमेरा असेल तिने आपल्यामार्फत कळवावं. पोस्टाचा खर्च आम्ही करू.